शिशाकडून टंगस्टनकडे : हाताने भरलेल्या काडतुसांमागचा इतिहास

अमेरिकेत वसंत ऋतूत जंगली टर्की या मोठ्या पक्ष्याच्या मागावर निघणाऱ्या शिकाऱ्याच्या काडतुसातील छर्रे आज तळहातावर घेतले, तर ते पुष्कळदा मोहरीच्या टपोऱ्या दाण्याएवढे, जेमतेम दोन मिलिमीटर व्यासाचे असतात. एका पिढीपूर्वी याच कामासाठी तीन मिलिमीटरचे शिशाचे छर्रे लागत, आणि नऊ नंबरचा बारीक छर्रा (नंबर जितका मोठा, तितका छर्रा लहान) फार तर लहान पक्ष्यांसाठी किंवा हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडण्यासाठी योग्य मानला जाई. हा बदल टंगस्टनमुळे झाला. पण त्याची सुरुवात टर्कीपासून झाली नाही; ती बदकांपासून झाली.

छऱ्यासाठी शिसे का, याचे उत्तर सोपे आहे. ते जड आहे, मऊ आहे आणि ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स याने १७८२ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत वितळलेले शिसे उंच मनोऱ्यावरून चाळणीतून सोडत; थेंब खाली पडता पडता गोल होऊन घट्ट होत आणि तळाच्या पाण्यात पडत. बंदुकीच्या नळीला इजा न करणारा, स्वस्त आणि जड गोळा यापेक्षा सहज कुठेच मिळण्यासारखा नव्हता, त्यामुळे पुढे कित्येक पिढ्या शिशाला पर्याय शोधण्याची गरज कोणालाच भासली नाही.

गरज पाणथळ जागांनी निर्माण केली. बदकाला दात नसतात. अन्न दळण्यासाठी ते बारीक खडे गिळते आणि पोटातल्या पेषणीत साठवते. ज्या तळ्यावर वर्षानुवर्षे बार उडाले, त्याच्या चिखलात पडलेले छर्रे त्याला खड्यांसारखे किंवा बियांसारखेच वाटतात. पेषणीत ते झिजतात, आम्लात विरघळतात आणि शिसे रक्तात उतरते. पक्षी खंगतो, त्याचे पंख लुळे पडून खाली ओघळतात, आणि दोन-तीन आठवड्यांत तो गवताच्या आडोशाला जाऊन मरतो. अशा मरणाचा गाजावाजा होत नाही, कारण मेलेला पक्षी कोणाच्या दृष्टीस पडण्याआधीच कोल्हे आणि गरुड त्याला उचलतात. निसर्गअभ्यासक जॉर्ज बर्ड ग्रिनेल याने १८९४ मध्येच या विषबाधेबद्दल लिहिले होते. तरीही प्रश्नाला नेमका आकार आला तो १९५९ मध्ये, इलिनॉयचे संशोधक फ्रँक बेलरोज यांच्या अभ्यासामुळे. उत्तर अमेरिकेतील पाणपक्ष्यांपैकी दोन ते तीन टक्के पक्षी दर वर्षी शिशाने मरतात, असा त्यांचा अंदाज होता.

पोलादी छर्रा, खरे तर मऊ लोखंडाचा छर्रा, हा पहिला पर्याय १९७० च्या दशकात काही भागांत सक्तीचा झाला. विरोध कडवा होता. लोखंड नळ्या खराब करील आणि पक्षी नुसते जखमी होऊन उडून जातील, ही शिकाऱ्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. पण विष बदकांपुरते थांबत नव्हते. जखमी आणि मेलेली बदके खाणाऱ्या बाल्ड ईगल या गरुडाच्या, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रतीकाच्या, शरीरातही शिसे जात होते, आणि याच मुद्द्यावर १९८० च्या दशकाच्या मध्यास नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशन ही वन्यजीव संस्था न्यायालयात गेली. अखेर टप्प्याटप्प्याने पावले टाकत १९९१ च्या हंगामापासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचा छर्रा संपूर्ण अमेरिकेत बंद झाला. पुढे स्थलांतरी पक्ष्यांच्या मिसिसिपी उड्डाणमार्गावरील अभ्यासात, शिशाने होणारे मॅलार्ड बदकांचे मृत्यू सुमारे ६४ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज निघाला. बंदी योग्य होती, हे त्यानंतर तरी कोणी नाकारू नये असे मला वाटते.

मात्र लोखंडाची उणीव खरीच होती. शिशाची घनता घनसेंटिमीटरला ११.३ ग्रॅम, तर लोखंडाची ७.९. हलका छर्रा हवेत लवकर वेग गमावतो, म्हणून तो मोठा घ्यावा लागतो. मोठा घेतला की काडतुसात कमी मावतो. म्हणून काडतूस लांब करावे लागते. १९८८ मध्ये बारा बोरचे साडेतीन इंची काडतूस बाजारात आले, ते याच गणितातून. बंदुका आणि त्यांचे धक्के वाढत गेले. १९९० च्या दशकात ९.६ घनतेचे बिस्मथ आणि टंगस्टन मिसळलेले निरनिराळे छर्रे मंजूर होऊ लागले. ऑरेगनमधील स्वीट होम या गावातून आलेल्या हेवी-शॉट या छऱ्याने तर सुमारे १२ घनता गाठून शिशालाही मागे टाकले. छर्रा शिशाहून जड असू शकतो, ही कल्पना शिकाऱ्यांच्या मनात रुजली ती इथून.

शुद्ध टंगस्टनची घनता १९.३ आहे. ही धातू १७८३ मध्ये स्पेनमधील एलुयार बंधूंनी वेगळी केली आणि तिचे नावच स्वीडिश भाषेत ‘जड दगड’ अशा अर्थाचे आहे. पण ती ३,४२२ अंशांना वितळते. वॉट्सच्या मनोऱ्यातून तिचे थेंब पाडणे शक्य नाही. म्हणून तिची पूड थोड्या निकेल-लोखंडाबरोबर दाबून भट्टीत भाजतात, तेव्हा कुठे सुमारे १८ घनतेचा गोल, कठीण छर्रा तयार होतो. शिशाचा छर्रा पकडीत दाबला की चपटा होतो; हा तसाच राहतो. यालाच शिकारी ‘टंगस्टन सुपर शॉट’ किंवा नुसते ‘टीएसएस’ म्हणतात.

हा छर्रा रुजवला तो घरी काडतुसे भरणाऱ्यांनी. कोकणात ज्यांनी ठासणीची बंदूक पाहिली आहे त्यांना माहीत असते, की एके काळी प्रत्येक बार हातानेच भरावा लागे. कारखान्यातील काडतुसे आल्यावरही अमेरिकेत उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरण्याचा छंद टिकला, आणि त्या मंडळींनी २००० च्या दशकात चीनमधून येणारे टंगस्टनचे छर्रे थोडेथोडके विकत घेऊन प्रयोग आरंभले. अडचणी नव्या होत्या. छर्रा नळीच्या पोलादाला ओरखडे पाडील म्हणून जाड प्लास्टिकचा पेला, त्यात बहुधा मायलर या पातळ, चिवट प्लास्टिकची गुंडाळी. माल जड पण आकाराने इवलासा, म्हणून पेल्याच्या तळाशी नमद्याची किंवा बुचाची चकती, नाही तर काडतुसाचे तोंड नीट मिटत नाही. छऱ्यांच्या फटींत पांढरी बारीक पूड, जी काडतूस टेबलावर हलके ठोकत ठोकत खाली बसवायची. दारूच्या बाबतीत मात्र प्रयोगाला जागा नव्हती. प्रयोगशाळेत दाब मोजून ठरवलेली मापे सोडून स्वतःच्या अंदाजाने भरणे म्हणजे बंदूक गालाशी फुटण्याला निमंत्रण, आणि जुने जाणते भरणारे नवख्याला आधी हेच बजावतात.

टर्कीच्या शिकारीत बहुतेक ठिकाणी शिशाला बंदी नव्हती. तरीही टंगस्टनचा खरा जम तिथेच बसला, हे मला या इतिहासातील सर्वांत बोलके वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी हा पक्षी अनेक राज्यांतून नाहीसा झाला होता. १९५० च्या दशकापासून तोफेने फेकलेल्या जाळ्यांत पकडून नव्या जंगलांत सोडत सोडत तो परत आणला गेला, आणि आज अलास्का वगळता सर्व राज्यांत त्याची शिकार होते. नेम डोके आणि मान यांवर धरायचा असतो, म्हणून चाळीस यार्डांवरील दहा इंची वर्तुळात किती छर्रे बसतात, यावर काडतूस पारखतात. नऊ नंबरचा टंगस्टनचा छर्रा पाच नंबरच्या शिशाइतकाच, किंबहुना थोडा अधिक खोल शिरतो. पण एका औंसात शिशाचे सुमारे १७० छर्रे मावतात, तिथे याचे ३६० च्या आसपास बसतात. त्यामुळे पोराटोरांच्या समजल्या जाणाऱ्या वीस बोर आणि .४१० बोरच्या बारीक नळीच्या बंदुका पुन्हा कामाच्या ठरल्या. साडेतीन इंची काडतुसापर्यंत गेलेली वाढ उलटी फिरली. फेडरल कंपनीने २०१८ मध्ये टीएसएसची तयार काडतुसे बाजारात आणली, तोवर घरच्या टेबलांवर हे ज्ञान पक्के झालेले होते.

किमतीचेही कारण आहे. टर्कीचा शिकारी अख्ख्या हंगामात एक-दोन बार उडवतो, तेव्हा एका काडतुसाला दहा डॉलर पडले तरी तो सोसतो. बदकांवर एका सकाळीच डझनभर काडतुसे जातात. म्हणून ज्या पाणथळ जागांसाठी हा शोध सुरू झाला तिथे आजही बहुतांश लोखंडच उडते, आणि घरी भरणारे एकाच काडतुसात लोखंडाच्या छऱ्यांबरोबर टंगस्टनच्या छऱ्यांचा पातळ थर देऊन खर्च आवरतात. जगातील टंगस्टनचे ८० टक्क्यांच्या आसपास उत्पादन चीनमध्ये होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने टंगस्टन आणि बिस्मथ या दोहोंच्या निर्यातीवर नियंत्रण आणले, आणि बदकांसाठी तो थर किती पातळ ठेवायचा, हा हिशेब घरोघरच्या टेबलांवर नव्याने मांडावा लागत आहे.