सेकिगाहाराचे काँक्रीटचे सामुराई

जपानी सरदार ताकेदा शिंगेन 1573 साली वारला. सेकिगाहाराची लढाई झाली 1600 साली. तरीही जपानच्या गिफू प्रांतातल्या ‘सेकिगाहारा वॉरलँड’ या उद्यानात हा शिंगेन चिलखत चढवून उभा आहे आणि लढणाऱ्यांना ओरडून सांगतो आहे, ‘नो मोअर सेकिगाहारा!’ हे त्याचं भूत, असं समजायचं. त्याच्या आजूबाजूला उघड्यावर दोनशेहून जास्त सामुराई एकमेकांच्या अंगावर धावून जात आहेत. सगळे माणसाएवढे, सगळे काँक्रीटचे आणि भडक रंगांत रंगवलेले. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे रातोरात वाढून पुरुषभर उंच व्हावेत, तसा हा प्रकार.

बघणारा आधी हसतो, मग फोटो काढतो आणि मग विचारतो, हे कुणाला सुचलं असेल? त्याचं उत्तर 1600 सालात थोडं सापडतं. जास्त सापडतं ते उद्यान सुरू झालं त्या 1964 सालाच्या आसपास. पण आधी त्या जागेविषयी.

सेकिगाहारा ही खिंड आहे. उत्तरेला इबुकी पर्वत, दक्षिणेला सुझुकाची रांग आणि मधून क्योटोकडून पूर्वेला जाणारी वाट. ‘सेकी’ म्हणजे नाका, ‘हारा’ म्हणजे माळ. इथला फुवाचा नाका सातव्या शतकापासूनचा. टोकियोच्या परिसराला आजही ‘कान्तो’ म्हणतात, म्हणजे नाक्यांच्या पूर्वेकडचा मुलूख. हिवाळ्यात या खिंडीतून वारा बर्फ घेऊन घुसतो आणि शिनकानसेनलाही, म्हणजे बुलेट ट्रेनलाही, इथे वेग कमी करावा लागतो.

इथे पहिली मोठी लढाई झाली 672 साली, गादीसाठी, काका आणि पुतण्यात. (पेशवाई वाचलेल्याला यात नवल वाटू नये.) काका, म्हणजे राजपुत्र ओआमा, याने एका टेकडीवर सैनिकांना पीच वाटले आणि तो जिंकला, अशी आख्यायिका आहे. त्या टेकडीचं नाव मोमोकुबारी, म्हणजेच पीचवाटप. त्यानंतर 928 वर्षांनी तोकुगावा इएयासुने आपली पहिली छावणी नेमकी तिथेच टाकली. शकुन पाहणारा माणूस होता, असं म्हणायला हरकत नाही.

भांडण वारसाचंच होतं. जपान एकछत्री करणारा तोयोतोमी हिदेयोशी 1598 मध्ये गेला, मागे पाच वर्षांचा मुलगा हिदेयोरी. मुलाचे पालक म्हणून नेमलेल्या पाच बड्या सरदारांत सगळ्यात बलाढ्य इएयासु. त्याच्या विरोधात उभा राहिला इशिदा मित्सुनारी: कारभारात तरबेज, हिशेबाला पक्का आणि तलवारबहाद्दरांना नकोसा. गंमत अशी, की दोन्ही बाजू आपण तोयोतोमी घराण्यासाठीच लढतो असं म्हणत होत्या. हिदेयोशीच्या नात्यातला फुकुशिमा मासानोरी तर इएयासुच्या आघाडीच्या फळीत होता.

21 ऑक्टोबर 1600. सकाळी दाट धुकं. धुकं विरळ होऊ लागलं तसं आठच्या सुमारास तोंड लागलं. दोन्हीकडे मिळून दीड लाखाच्या आसपास माणसं असावीत असं सर्वसाधारणपणे मानतात. मित्सुनारीची, म्हणजे पश्चिमेच्या फौजेची, मांडणी नकाशावर उत्तम होती. टेकड्या तिच्या ताब्यात होत्या. पण टेकडीवरची सगळीच माणसं लढायला आलेली नव्हती. नान्गू डोंगरावरच्या मोरी घराण्याच्या फौजेची वाट पुढे थांबलेल्या किक्कावा हिरोइएने अडवली. तो इएयासुशी आधीच बोलणी करून बसला होता. फौज का हलत नाही, असा निरोप आला तेव्हा सेनापती मोरी हिदेमोतोने वेळ मारून नेली: माझी माणसं जेवायला बसली आहेत. ‘सरदारसाहेबांचा रिकामा डबा’ म्हणून ही गोष्ट जपानी लोक अजून सांगतात.

दुसऱ्या टेकडीवर, मात्सुओ डोंगरावर, होता अठरा वर्षांचा कोबायाकावा हिदेआकी. सोबत हजारो सैनिक. तो पश्चिमेचा, पण इएयासुला शब्द देऊन बसलेला. तो खाली उतरला आणि आपल्याच बाजूच्या ओतानी योशित्सुगुवर तुटून पडला. ओतानी आजारी होता. त्याला कुष्ठरोग होता असं सांगतात. पालखीसारख्या खुर्चीतून तो सैन्य हलवत होता. हरल्यावर त्याने पोटात सुरी खुपसली आणि आपलं मुंडकं शत्रूच्या हाती लागू देऊ नये असं सेवकाला बजावलं. दुपारी दोनच्या सुमारास सगळं संपलं. पश्चिमेचा एकटा शिमाझु योशिहिरो मागे न वळता शत्रूच्या मधून पुढे फुटला आणि मूठभर माणसांनिशी दूर दक्षिणेतल्या सात्सुमाला पोचला. त्याचा पाठलाग करताना इएयासुच्या लाल चिलखतवाल्या पथकाचा सरदार इइ नाओमासा बंदुकीच्या गोळीने जखमी झाला. मित्सुनारीचा क्योटोत शिरच्छेद झाला. तीन वर्षांनी इएयासु शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, झाला आणि त्याच्या घराण्याने 1868 पर्यंत राज्य केलं. मराठीत पानिपत हा वाक्प्रचार झाला तसा जपानीत सेकिगाहारा झाला. फरक असा, की आपण पानिपत ‘होतं’ म्हणतो, म्हणजे हरणाऱ्याच्या बाजूने. त्यांचं सेकिगाहारा म्हणजे आता आर या पार असा सामना, मग तो निवडणुकीचा असो की बेसबॉलचा.

आपल्याला माहीत असलेली ही लढाई बरीचशी नंतर रचली गेली आहे. कोबायाकावा डळमळतो आहे हे पाहून इएयासुने त्याच्या टेकडीकडे बंदुका डागल्या आणि पोरगा दचकून खाली धावला, हा प्रसंग प्रत्येक जपानी मुलाला ठाऊक असतो. आज अनेक इतिहासकार म्हणतात की त्या वेळच्या पत्रांत असं काही नाही; हा गोळीबार एदो काळातल्या, म्हणजे तोकुगावा राजवटीतल्या, युद्धकथांमधून आला. म्हणजे दीडदोनशे वर्षं कीर्तनकारासारखे कथेकरी या लढाईला रंग देत होते. वॉरलँडचे पुतळे पाहताना हे ध्यानात ठेवावं. ते इतिहासाचे पुतळे नाहीत, कथेचे आहेत. म्हणूनच त्यात इतका आवेश आहे.

आता हे घडवणारा माणूस. असानो शोउन, जन्म 1891, गिफू प्रांतातलाच. मातीच्या बाहुल्या करणाऱ्याचा मुलगा. पुढे तो नागोयाला गेला आणि मातीवरून सिमेंटवर आला. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर काँक्रीट, वरून रंग. नागोयाजवळच्या गोशिकिएन नावाच्या बौद्ध उद्यानात त्याने शिनरान या संताच्या चरित्रातले प्रसंग उभे केले. इनुयामाच्या मोमोतारो देवळात पीचमधून जन्मलेला मुलगा आणि त्याने जिंकलेले राक्षस उभे केले. कलासमीक्षकांनी त्याच्याकडे कधी फारसं पाहिलं नाही. शरीरशास्त्राच्या हिशेबाने त्याची माणसं चुकतात, हे खरंच आहे: डोकी मोठी, चेहरे ताठ. पण ती बाहुलीकाराची माणसं आहेत. बाहुलीत भाव लांबून कळावा लागतो आणि असानोचा भाव पलीकडच्या रस्त्यावरूनही कळतो. मला त्याची ही कला अजिबात कमी वाटत नाही. वॉरलँड उघडलं तेव्हा तो सत्तरी ओलांडून गेला होता.

काँक्रीटच का, याचं एक कारण स्वस्ताई. दुसरं कारण त्या दशकाच्या हवेत होतं. लढाईआधी मित्सुनारीने तळ ठोकला होता तो जवळचा ओगाकीचा किल्ला 1945 च्या हवाई हल्ल्यात जळाला. नागोयाचा किल्लाही त्याच वर्षी जळाला. दोन्ही 1959 मध्ये परत उभे राहिले, काँक्रीटचे. गेलेला इतिहास सिमेंट ओतून परत आणायची त्या काळी रीतच होती. शिवाय 1964 म्हणजे टोकियो ऑलिंपिकचं, शिनकानसेनचं वर्ष. नागोया आणि कोबेला जोडणाऱ्या मेइशिन द्रुतगती मार्गाचा सेकिगाहाराजवळचा टप्पाही त्याच वर्षी खुला झाला. गाड्यांतून, बसमधून सहली निघू लागल्या होत्या. खरी रणभूमी मात्र पाहुण्याला फारसं काही दाखवत नव्हती: भातशेती, काही शिळा आणि कापलेली मुंडकी पुरलेले दोन ढिगारे, पूर्वेचा आणि पश्चिमेचा. 1931 पासून या जागांना राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा आहे, पण बसमधून उतरलेल्या पोराला ढिगाऱ्यात काय दिसणार?

आणि शिंगेनचं भूत? ‘नो मोअर हिरोशिमा’ ही घोषणा जपानमध्ये युद्धानंतर घरोघरी पोचली होती. सेकिगाहारा गावाने आधुनिक युद्धही जवळून पाहिलं होतं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत इथे लष्कराचं दारूगोळ्याचं मोठं कोठार होतं. लढाईचा तमाशा मांडायचा, तिकीट लावायचं आणि मध्येच एका मेलेल्या सरदाराच्या तोंडून युद्ध नको म्हणवायचं, ही त्या पिढीची तऱ्हा होती. विसंगती आहेच. पण भूत काढून टाकलं तर उरेल ती नुसती मारामारी.

पुढे हे ठिकाण जुनाट झालं आणि नव्वदच्या दशकात ‘चिन-स्पॉट’ म्हणजे विक्षिप्त ठिकाणं हुडकणाऱ्यांनी ते पुन्हा उचललं. असानोचे चाहते आता गावोगावी जाऊन त्याचे पुतळे स्वतः रंगवतात. उन्हापावसात रंग उडतो, तडे जातात, आतली सळई गंजते. 2020 मध्ये गिफू प्रांताने गावात लढाईचं नवं, झकपक संग्रहालय उघडलं. तिथे सैन्यांच्या हालचाली पडद्यावर सरकताना दिसतात आणि वरच्या मजल्यावरून सगळी खिंड नजरेत येते. जायचंच असेल तर आधी तिथे जावं, मग पायी सासाओ टेकडीवर, मित्सुनारीच्या छावणीच्या जागी. वॉरलँड शेवटी ठेवावं. तोवर कोण कुणाला फितूर झाला हे पाठ झालेलं असतं, आणि मग कोबायाकावाच्या पुतळ्यासमोर उभं राहून चार शब्द सुनावता येतात.