बुझलुजा म्हणजे स्पोमेनिक नव्हे

धुक्यात बुडालेला डोंगरमाथा, त्यावर उडती तबकडी उतरावी तसं काँक्रीटचं अवाढव्य बांधकाम आणि खाली ओळ: 'सोव्हिएत स्पोमेनिक'. अशी पोस्ट तुमच्याही समोरून कधीतरी गेली असेल. दोनच शब्द, आणि दोन्ही चुकलेले. ही तबकडी म्हणजे बल्गेरियातलं बुझलुजा. बल्गेरिया सोव्हिएत गटात होता, सोव्हिएत संघात नव्हे. आणि 'स्पोमेनिक' हा सर्बो-क्रोएशियन शब्द, अर्थ नुसता 'स्मारक'. बेलग्रेडच्या चौकातला घोड्यावरचा राजपुत्र मिहाइलो हाही स्पोमेनिकच. 2010 च्या सुमारास एका बेल्जियन छायाचित्रकारानं टिपलेली युगोस्लाव्हियातली स्मारकं जगभर गाजली, आणि तेव्हापासून पूर्व युरोपातलं काँक्रीटचं काहीही विचित्र दिसलं की त्याला हे नाव चिकटू लागलं.

बुझलुजाला बल्गेरियन लोक 'दोम-पामेत्निक' म्हणतात, म्हणजे स्मारक-भवन. त्यातला 'भवन' हा भाग महत्त्वाचा. 1891 साली दिमितर ब्लागोएव्ह यांच्या पुढाकारानं समाजवाद्यांची गुप्त सभा बाल्कन पर्वतातल्या या शिखरावर भरली होती. त्या घटनेला 90 वर्षं झाली तेव्हा, 1981 मध्ये, सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षानं इथे स्वतःचं भवन उघडलं. वास्तुकार गिओर्गी स्टोइलोव्ह. सपाट जागा मिळावी म्हणून शिखराचा माथाच सुरुंग लावून उडवला होता. आत गोल सभागृह, भिंतींवर रंगीत मोझेक, छतावर विळा-हातोडा, एका बाजूला मार्क्स, एंगल्स, लेनिन आणि समोर बल्गेरियातले पुढारी, त्यात त्या वेळी सत्तेवर असलेले तोदोर झिव्हकोव्हही. शेजारच्या 70 मीटर उंच मनोऱ्यावर लाल काचेचा तारा. पैसा बराचसा जनतेच्या 'स्वेच्छा' वर्गणीतून आला. त्या राजवटीत वर्गणीला नाही म्हणणं कितपत शक्य होतं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

थोडक्यात, हे पक्षानं पक्षासाठी बांधलेलं देऊळ. देव हयात, आणि भिंतीवरून आपल्याच सभेकडे बघणारे.

युगोस्लाव्हियातली स्मारकं मेलेल्यांसाठी आहेत. तिथली राजवटही कम्युनिस्टच होती, आणि मेलेल्यांच्या पुण्याईवर तिनं आपली मान्यता उभी केली, हे खरं. पण यासेनोव्हात्सला जिथे बोग्दान बोग्दानोविच यांचं काँक्रीटचं फूल 1966 पासून उभं आहे, तिथे क्रोएशियन फॅसिस्टांची, उस्ताशांची, छळछावणी होती. सर्ब, ज्यू, रोमा आणि विरोधक क्रोएट तिथे मारले गेले. त्येंतिश्तेच्या दरीत मिओद्राग झिव्हकोविच यांनी उभे केलेले दोन पांढरे महाकाय पंख 1943 च्या सुत्येस्का लढाईचे, म्हणजे जर्मनांविरुद्ध लढलेल्या पार्टिझनांच्या (कम्युनिस्ट गनिमी फौजेच्या) लढाईचे. तिथे तीन हजारांहून जास्त लढवय्यांच्या अस्थी आहेत. क्रागुयेवात्सचं स्मारक 21 ऑक्टोबर 1941 रोजी जर्मनांनी गोळ्या घातलेल्या विद्यार्थ्यांचं आणि शिक्षकांचं.

मग त्यांचे आकार इतके अमूर्त का? एक तर 1948 मध्ये युगोस्लाव्हियाचे नेते टिटो यांचं स्टॅलिनशी बिनसलं, त्यामुळे मुठी आवळलेल्या सोव्हिएत छापाच्या पुतळ्यांची सक्ती उरली नाही. दुसरं कारण नाजूक: मारणारे आणि मेलेले बऱ्याचदा शेजारीच होते. क्रूस काढला तर कुणाचा, चंद्रकोर काढली तर कुणाची? फूल किंवा पंख कुणाच्याच मालकीचे नव्हते. ही सगळी स्मारकं टिटोंनी फर्मान काढून बांधून घेतली, ही इंटरनेटवरची आवडती कथा मात्र तितकी खरी नाही. पुष्कळ ठिकाणी पुढाकार माजी सैनिकांच्या संघटनांचा आणि स्थानिक लोकांचा होता, आणि आराखडे स्पर्धांतून निवडले जात.

पुढे जे झालं, त्यात हा फरक उघड होतो. बल्गेरियात राजवट पडली, देश राहिला. नोव्हेंबर 1989 मध्ये झिव्हकोव्ह पायउतार झाले आणि पक्षाच्या घरात राहायला पक्षच उरला नाही. छताचा तांब्याचा पत्रा चोरांनी नेला, बर्फ आत आला, मोझेकचे तुकडे गळू लागले. तारा खऱ्या माणकांचा आहे या अफवेपायी लोकांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. दारावर कुणीतरी इंग्रजीत लिहिलं, 'भूतकाळ विसरा'. 2018 मध्ये युरोपा नोस्त्रा संस्थेनं बुझलुजाला धोक्यातल्या वारशांच्या यादीत घेतलं, आणि दोरा इवानोव्हा या तरुण वास्तुकार बाईंच्या पाठपुराव्यानं मोझेक वाचवण्याचं काम सुरू झालं.

युगोस्लाव्हियात देशच फुटला. स्मारकांतलं 'आपण' कोण, यावरच युद्ध झालं. कामेन्स्कामध्ये वोयिन बाकिच यांचं 30 मीटर उंच, चकचकीत पोलादी स्मारक होतं. फेब्रुवारी 1992 मध्ये क्रोएशियन सैनिकांनी ते स्फोटकं लावून पाडलं. उपेक्षेनं नव्हे, ठरवून. उलट क्रागुयेवात्समध्ये आजही दर 21 ऑक्टोबरला लोक जमतात.

घोटाळा व्हायला खरी जागा आहे ती पेत्रोवा गोरा इथे. बाकिच यांचंच हे काम, क्रोएशियातल्या डोंगरमाथ्यावर, आत शिरता येईल असं, आणि पूर्ण झालं तेही 1981 मध्येच. त्याचेही पोलादी पत्रे उचकटून नेले गेले. फोटोत ते आणि बुझलुजा चुलत भावंडं वाटतात. पण हे स्मारक त्या मुलखातल्या फॅसिस्टविरोधी उठावाचं. युद्धकाळात त्या जंगलात जखमींसाठी पार्टिझनांचं लपवलेलं इस्पितळ होतं.

फोटो पाहून ओळखायचंच असेल, तर चेहरे दिसतात की नावं, ते बघा. बुझलुजात चेहरे होते, आणि झिव्हकोव्हचा चेहरा नंतर मुद्दाम खरवडून काढला गेला. बोस्नियातल्या मोस्तारला बोग्दानोविच यांनी 1965 मध्ये उभारलेल्या पार्टिझन दफनभूमीत नावं होती: सर्ब, क्रोएट, मुस्लिम, ज्यू सगळी एकत्र, धर्माची एकही खूण नसलेल्या दगडी पाट्यांवर. जून 2022 मध्ये त्या जवळपास सगळ्या फोडल्या गेल्या.