सेल्टिकला पाच गोल घातले ते पेत्रझाल्काने, स्लोव्हानने नाही

सप्टेंबर २०२४ मध्ये स्लोव्हाकियाचा फुटबॉल क्लब स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा चॅम्पियन्स लीगमध्ये ग्लासगोत जाऊन स्कॉटलंडच्या सेल्टिककडून ५-१ असा मार खाऊन आला आणि लगेच ठिकठिकाणी तेच रेकॉर्ड वाजायला लागलं, "सेल्टिकने २००५चा हिशोब चुकता केला बघा, तेव्हा याच स्लोव्हानने त्यांना ५-० धुतलं होतं". अहो, याच नाही. २००५ साली सेल्टिकला पाच गोल घालणारा क्लब वेगळा होता, त्याचं नाव आर्टमीडिया, गाव पेत्रझाल्का, जर्सी काळी-पांढरी. स्लोव्हानचा त्या रात्रीशी संबंध असलाच तर मैदानापुरता. आणि त्या वेळी स्लोव्हान कुठे होता? दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. हे कोणी लिहीतच नाही, त्यामुळे म्हटलं एकदा नीट मांडून टाकू.

स्लोव्हानबद्दल फार सांगायची गरज नाही, फुटबॉल बघणाऱ्याला तो माहीत असतो. १९१९चा क्लब, आकाशी निळा रंग, चेकोस्लोव्हाकियाच्या काळात आठ वेळा लीग जिंकलेला, आणि २१ मे १९६९ला बासेलमध्ये बार्सिलोनाला ३-२ हरवून कप विनर्स कप घरी आणलेला. चेकोस्लोव्हाकियातल्या दुसऱ्या कुठल्याच क्लबला युरोपातला असा कप कधी मिळाला नाही, त्यामुळे त्यांचा तोरा थोडा समजून घ्यायला हवा. १९७६ला युरो जिंकलेल्या चेकोस्लोव्हाक संघाचा कॅप्टन आंतोन ओंद्रुश स्लोव्हानचाच. अलीकडे तर २०१९ पासून २०२५ पर्यंत सलग सात वेळा स्लोव्हाक लीग त्यांनीच जिंकली, इतकी की लीग बघायला मजा राहिली नाही असं माझं स्पष्ट मत आहे. बास, स्लोव्हान इतकाच पुरे.

आता पेत्रझाल्का. ब्रातिस्लाव्हाचा नकाशा काढा, मधून डॅन्यूब जाते, जुनं शहर आणि किल्ला डाव्या काठावर, आणि उजव्या काठावर पसरलेली पेत्रझाल्का. आज तिथे एक लाखाहून जास्त माणसं राहतात, बहुतेक सगळी सत्तरच्या दशकापासून पुढे उभ्या राहिलेल्या उंच सिमेंटच्या इमारतींत. पण क्लब त्या इमारतींपेक्षा कितीतरी जुना. १८९२ साली, शहराला हंगेरियन लोक पोझोन्य म्हणायचे तेव्हा, एक व्यायाम मंडळ निघालं, त्यात पुढे १८९८ पासून फुटबॉल आला, आणि म्हणून पेत्रझाल्कावाले स्वतःला स्लोव्हाकियातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब म्हणवतात. म्हणजे स्लोव्हान जन्मला तेव्हा हा क्लब सत्तावीस वर्षांचा घोडा झाला होता. मधल्या काळात काठावरची सत्ता बदलली, १९३८ला नाझी जर्मनीने पेत्रझाल्का गिळली आणि १९४५ला ती परत आली, क्लबचं नाव तर कितीदा बदललं, कारखान्यांची नावं लागली आणि गेली. क्लब मात्र कायम शहरातल्या मोठ्या भावांच्या मागे तिसऱ्या-चौथ्या नंबरवर. नव्वदच्या दशकात त्याला आर्टमीडिया हे नाव लागलं, ते इव्हान क्मोत्रीक या उद्योगपतीच्या कंपनीचं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुद्द्याचं. गोंधळ होतो तो नेमका कुठे? रंगात होत नाही, एक निळा आणि एक काळा-पांढरा, फोटो बघितला तर शेंबडं पोरही सांगेल. स्थापनेच्या सालातही होत नाही, ते कोणी वाचतच नाही. गोंधळ होतो कारण २००५च्या त्या मोसमात पेत्रझाल्काचा क्लब 'आर्टमीडिया ब्रातिस्लाव्हा' या नावाने युरोपात खेळत होता, आणि मोठे सामने खेळत होता तेहेल्ने पोलेवर, जे स्लोव्हानचं घर. नदीपलीकडचं त्यांचं स्वतःचं मैदान, जुन्या पुलाच्या टोकाशी असलेलं, छोटं होतं, तिथे चॅम्पियन्स लीग भरवणं शक्य नव्हतं. मग स्कोअरकार्डवर काय दिसतं, तर संघ ब्रातिस्लाव्हा, मैदान तेहेल्ने पोले. वीस वर्षांनी ते वाचणारा माणूस म्हणतो, अरे हा तर स्लोव्हान. हॉल कोणाच्या मालकीचा आहे यावरून लग्न कोणाचं ते ठरवायचं म्हणजे कमाल आहे, पण नेमकं तेच चाललंय.

आणि खरी गंमत त्या मैदानाच्या मालकांची. स्लोव्हान २००३-०४च्या मोसमात लीगच्या तळाशी जाऊन खाली घसरला, २००४-०५ आणि २००५-०६ असे दोन मोसम दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळला आणि २००६ला कसाबसा वर आला. म्हणजे २००५च्या शरदात तेहेल्ने पोलेवर इंटर मिलान येतंय, रेंजर्स येतंय, पोर्तो येतंय, पण ते स्लोव्हानला भेटायला नाही, शेजारच्याला भेटायला, आणि स्लोव्हान त्याच काळात देशांतर्गत दुय्यम लीगमध्ये गावोगाव फिरतोय. स्लोव्हानच्या जुन्या चाहत्यासाठी याहून कडू घास नसेल. आणि आता त्याच चाहत्याच्या क्लबच्या खात्यावर ती कमाई टाकायची? पेत्रझाल्कावर अन्याय तर आहेच, पण स्लोव्हानवालेही ती घेणार नाहीत, त्यांना विचारून बघा.

तो मोसम झाला कसा ते थोडं सविस्तर सांगतो, कारण एकदा तो क्रम डोक्यात बसला की परत चूक होत नाही. व्लादिमीर वाइस कोच. २००४ला स्लोव्हाक कप, २००५ला क्लबच्या इतिहासातली पहिली लीग. मग चॅम्पियन्स लीगची पात्रता, तीही अगदी पहिल्या फेरीपासून. कझाकस्तानात कैरात अल्माटीकडून २-० हरले, घरी एक्स्ट्रा टाइममध्ये ४-१ जिंकून निघाले, म्हणजे पहिल्याच पायरीवर गाशा गुंडाळायची वेळ आली होती. पुढे सेल्टिक. २७ जुलै २००५, गॉर्डन स्ट्रॅकनचा सेल्टिकचा मॅनेजर म्हणून पहिलाच अधिकृत सामना, आणि दोन वर्षांपूर्वी युएफा कपची (चॅम्पियन्स लीगच्या खालची युरोपीय स्पर्धा) फायनल खेळलेल्या त्या क्लबला पाच गोल, त्यातले तीन युराय हालेनारचे. आठवड्याभराने ग्लासगोत सेल्टिकने चार गोल परत केले, पाचवा काही झाला नाही, दोन्ही सामने मिळून ५-४. हा ५-४चा आकडा मला ५-० पेक्षा जास्त आवडतो, कारण दुसऱ्या सामन्यातली ती नव्वद मिनिटं म्हणजे नुसती धाकधूक. त्यानंतर पार्टिझान बेलग्रेड, दोन्ही सामने ०-०, पेनल्टीवर निकाल. झालं, ग्रुपमध्ये.

ग्रुपमध्ये इंटर मिलान, रेंजर्स, पोर्तो. घरी इंटरकडून १-० हार, इथपर्यंत ठीक, कोणालाही तेच वाटलं असतं. मग पोर्तोत. वर्षभरापूर्वीच युरोपचे चॅम्पियन होऊन गेलेल्या पोर्तोविरुद्ध, त्यांच्याच घरात, ०-२ने मागे, आणि तिथून पेत्राश, कोझाक, बोर्बेली असे तीन गोल करून ३-२. सगळे सेल्टिकचाच सामना धरून बसतात, पण माझ्या मते या क्लबचा सर्वात मोठा विजय हाच. सेल्टिक त्या दिवशी पार विस्कटलेलं होतं, पोर्तो तसं नव्हतं. त्यानंतर रेंजर्सबरोबर ग्लासगोत ०-०, घरी २-२, मिलानला जाऊन इंटरकडून ४-० मार, आणि शेवटचा सामना घरी पोर्तोशी. इथे जरा थांबून गणित बघा. शेवटच्या रात्री रेंजर्सने इंटरशी १-१ बरोबरी केली आणि ७ गुणांवर अडकलं. आर्टमीडियाकडे ५ होते. पोर्तोला हरवलं असतं तर ८, म्हणजे दुसरा नंबर, म्हणजे शेवटच्या सोळात. सामना सुटला ०-० ने. एका गोलाने हुकलं. ६ गुण, तिसरा नंबर, पोर्तो चौथ्या. तिसऱ्या नंबरवरून युएफा कपमध्ये गेले तिथे लेव्हस्की सोफियाने दोन्ही सामन्यांत हरवून पाठवलं, तो भाग विसरला तरी चालेल.

त्या ६ गुणांची किंमत कळायला हवी म्हणून एवढंच सांगतो. चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपपर्यंत आतापर्यंत पोचलेले स्लोव्हाक क्लब चार. १९९७-९८ला कोशित्से, मँचेस्टर युनायटेड, युव्हेंटस आणि फायेनूर्डबरोबर, सहाच्या सहा सामने हरले. २०१०ला झिलिना, परत सहाच्या सहा, त्यात घरी मार्सेकडून ०-७. २०२४-२५ला स्लोव्हान नव्या फॉरमॅटमध्ये आठ सामने खेळला, आठही हरला, ७ गोल केले आणि २७ खाल्ले. म्हणजे या पातळीवर स्लोव्हाकियाच्या खात्यात जे काही गुण आहेत ते सगळेच्या सगळे पेत्रझाल्काच्या त्या एका मोसमाचे. आणि लोक तेवढेसुद्धा उचलून स्लोव्हानच्या नावावर टाकतात, जिथे आधीच १९६९चा कप शोकेसमध्ये आहे. चिडचिड होणार नाही तर काय.

आता दुसरा घोळ, जो पहिल्याला खतपाणी घालतो. माणसं तीच आहेत. २००५चा कोच वाइस, २०२४चा कोचही वाइस. हे खरं आहे, एकच माणूस दोन्ही वेगवेगळ्या क्लबांना चॅम्पियन्स लीगमध्ये घेऊन गेला, मधे २०१०च्या वर्ल्ड कपमध्ये स्लोव्हाकियाचा कोच म्हणून इटलीला ३-२ हरवून आला. (वर तिघांचं नाव एकच. आजोबा व्लादिमीर वाइस १९६४च्या टोकियो ऑलिंपिकचे रौप्यपदक विजेते, बाप कोच, आणि नातू व्लादिमीर वाइस मँचेस्टर सिटी आणि रेंजर्स करून आलेला, नंतर स्लोव्हानचा खेळाडू झालेला. कोणाबद्दल बोलताय ते कृपया लिहीत जा.) मालकही तोच. क्मोत्रीक २००० च्या दशकाच्या शेवटाकडे पेत्रझाल्कातून निघाला आणि स्लोव्हानमध्ये आला. खेळाडूही गेले, सेल्टिकवर हॅटट्रिक मारलेला हालेनारच पुढे कित्येक वर्षं निळ्या जर्सीत दिसला. म्हणून लोकांना वाटतं दोन्ही क्लब एकत्र झाले असणार, आर्टमीडियाचंच नाव बदलून स्लोव्हान झालं असणार. तसं नाही. पैसा गेला, कोच गेला, पोरं गेली, क्लब मात्र तिथेच राहिला, आणि त्याचं जे झालं ते बघवत नाही.

२००७-०८ला आर्टमीडियाने लीग आणि कप दोन्ही जिंकले, पुढच्या चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत युव्हेंटसने तुरिनमध्ये ४-० मारलं तरी घरी १-१ काढला. आणि २००९ला नावातून आर्टमीडिया गेलं, एमएफके पेत्रझाल्का राहिलं. २०१०ला लीगच्या तळाशी जाऊन खाली घसरला. म्हणजे पोर्तोला पोर्तोत हरवल्यापासून पाच वर्षांच्या आत. नदीकाठचं जुनं मैदानही पुढे पाडलं. पैशाची ददात, आणखी खाली, शेवटी क्लब नव्याने उभा करायला लागला, आणि तो आता एफसी पेत्रझाल्का म्हणून परत दुसऱ्या डिव्हिजनपर्यंत चढलाय. स्लोव्हान त्याच काळात २००९ला लीग जिंकतो, आणि जुनं तेहेल्ने पोले पाडून त्याच जागी २०१९ला २२,५०० खुर्च्यांचं नवं स्टेडियम मिळवतो. आता म्हणजे मैदानाचंही बघा, आर्टमीडियाने सेल्टिकला हरवलं ते जुनं तेहेल्ने पोले, मँचेस्टर सिटीने २०२४ला स्लोव्हानला ४-० हरवलं ते नवं. जागा एक, वास्तू दोन. हे तेवढं महत्त्वाचं नाही, पण फोटो लावताना लोक बिनधास्त नव्या स्टेडियमचा लावतात.

नावाबद्दल माझा हट्ट आहे तो सांगून टाकतो. मी बोलताना 'पेत्रझाल्का'च म्हणतो, 'आर्टमीडिया ब्रातिस्लाव्हा' नाही, जरी कागदावर तेव्हा तेच होतं. आर्टमीडिया हे कंपनीचं नाव, ते आलं आणि गेलं, आणि ब्रातिस्लाव्हा म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात आपोआप स्लोव्हान येतो. पेत्रझाल्का म्हटलं की प्रश्नच मिटतो.

बाकी किरकोळ. स्लोव्हान लिबेरेक हा चेक क्लब आहे, ब्रातिस्लाव्हाशी काही संबंध नाही, ते एका ओळीत संपतं. स्लोव्हानचा खरा जुना वैरी शहरातला कोणी नसून स्पार्ताक त्र्नावा, त्यामुळे पेत्रझाल्काशी सामना म्हणजे मोठी डर्बी (शेजारच्या वैऱ्यांची लढत) असं लिहू नका. आणि 'ब्रातिस्लाव्हाचं इंटर' वाचलं तर २००५च्या ग्रुपमधलं इंटर मिलान डोक्यात आणू नका, इंटर ब्रातिस्लाव्हा हा शहरातला तिसराच क्लब, पिवळा-काळा, २००० आणि २००१ची स्लोव्हाक लीग जिंकलेला, पासिएंकीच्या मैदानावर खेळणारा. २००९ला त्यांनी आपलं लीगमधलं लायसन्स सेनित्सा या क्लबला विकून टाकलं, आणि नवं तेहेल्ने पोले बांधून होईपर्यंत त्याच पासिएंकीवर भाड्याने खेळायची पाळी स्लोव्हानवर आली.