ईमेल सर्व्हर, छोट्या संस्थेचा : यंत्रसामग्री व बॅकअप (बडोदे)

ग्रंथालय, पतपेढी, शाळा किंवा मंडळाने आपल्या डोमेनवरचे मेल स्वतःच्याच यंत्रावर चालवायचे ठरवले, तर यंत्र कोणते घ्यायचे, डिस्क केवढी लागेल, वीज गेली तर काय आणि सगळेच गेले तर मेल परत कसे मिळवायचे, याचा आधी मांडलेला हिशेब म्हणजे हे नियोजन. दहा-बारा खात्यांसाठी हा खटाटोप करू नये, भाड्याची सेवा बरी. तीस-चाळीस खाती आणि नियमित लक्ष घालणारा जाणकार माणूस असेल, तरच स्वतःचा सर्व्हर परवडतो. बडोद्यात या हिशेबात विश्वामित्री नदीही धरावी लागते.

यंत्र फार ताकदवान लागत नाही. पोस्टफिक्स मेल स्वीकारतो, डव्हकॉट तो खातेदाराला दाखवतो. चाळीस खात्यांसाठी हे काम चार कोरचा साधा प्रोसेसरही सहज करतो. मेमरी जास्त लागते ती नको ते मेल अडवणाऱ्या गाळणीला. क्लॅमएव्ही हा व्हायरस तपासणारा प्रोग्राम एकटाच एक जीबीहून जास्त मेमरी अडवतो, म्हणून १६ जीबी घेऊन मोकळे व्हावे. खरा भार डिस्कवर पडतो. पाठवणाऱ्या सर्व्हरला ‘२५० ओके’ असे उत्तर दिले, की त्या मेलची जबाबदारी आपली. त्यामुळे पोस्टफिक्स मेल डिस्कवर उतरल्याशिवाय ते उत्तर देत नाही. स्वस्त एसएसडी पुष्कळदा लिहायचा मजकूर काही काळ स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीतच (कॅशमध्ये) ठेवतात आणि नेमकी तेव्हा वीज गेली तर तो मेल दोन्हीकडून जातो. वीज जाताना हातातले लिखाण पुरे करण्याची सोय असलेली एसएसडी थोडी महाग पडते, पण पैसे तिथेच घालावेत.

जागेचा अंदाज बहुतेकांचा कमी पडतो, कारण जोडपत्रे मेलमधून मजकुराच्या रूपात जातात आणि सुमारे ३७ टक्क्यांनी फुगतात. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेची १० एमबीची पीडीएफ चाळीस जणांना धाडली, तर प्रत्येकाच्या खात्यात ती पावणेचौदा एमबीच्या आसपास बसते. प्रत्येक खात्यातला प्रत्येक मेल वेगळ्या फाइलमध्ये ठेवणाऱ्या साध्या मेलडिर पद्धतीत सगळ्या प्रती मिळून साडेपाचशे एमबीच्या घरात जातात. खात्यामागे ५ जीबी धरले तर चाळीस खात्यांना २०० जीबी. पुढच्या चार-पाच वर्षांची वाढ धरून एक टीबीच्या दोन डिस्क रेड-१ मध्ये, म्हणजे दोन्हींवर एकच मजकूर एकाच वेळी उतरेल अशा, जोडाव्यात. मात्र रेड म्हणजे बॅकअप नव्हे. कोणी चुकून फोल्डर पुसले, तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसले जाते.

यूपीएस घेताना उन्हाळा लक्षात ठेवावा. बडोद्यात पारा चाळिशीपार जातो आणि यूपीएसमधल्या सीलबंद शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर ८ ते १० अंशांना निम्मे होते. एसी नसलेल्या खोलीत बॅटरी कागदावरच्या मुदतीच्या कितीतरी आधी मान टाकते. यूपीएस यूएसबीने सर्व्हरला जोडून बॅटरी उतरत आली की सर्व्हर आपोआप बंद होईल, अशी व्यवस्था हवी.

पावागडच्या डोंगरातून येणारी विश्वामित्री ऐन शहरातून वाहते आणि आजवा सरोवराचे पाणीही तिलाच मिळते. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ च्या पुरात सयाजीगंज, फतेगंज, समा, अकोटा अशा अनेक भागांत पाणी शिरले. पावसाळ्यात लोक काळा घोडा पुलापाशी पाणी किती फुटांवर आले ते विचारत राहतात. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात कार्यालय असलेल्या मंडळालाही यंत्र तळमजल्यावर, टेबलाखाली ठेवायचा मोह होतो, कारण वायरिंग तिथेच असते. ते वरच्या मजल्यावरच हवे. पूर आला की खबरदारी म्हणून वीज तोडली जाते, तेव्हा दोन-तीन दिवस सर्व्हर बंद राहणार हे गृहीतच धरावे.

याची फारशी धास्ती नको. मेल पोचला नाही तर पाठवणारा सर्व्हर लगेच हार मानत नाही. मेलच्या देवाणघेवाणीचे नियम सांगणाऱ्या आरएफसी ५३२१ या २००८ च्या मानकाप्रमाणे त्याने किमान चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करायचे असतात आणि पोस्टफिक्सची मूळ मुदतही पाच दिवसांचीच आहे. म्हणून लहान संस्थेने दुसरा तयार सर्व्हर बाळगण्यात पैसे घालू नयेत. तेच पैसे बॅकअपला द्यावेत.

बॅकअपचा प्रचलित नियम ३-२-१ चा : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दूर. जवळची प्रत कार्यालयातच दुसऱ्या यंत्रावर असावी, कारण २०० जीबी मजकूर १०० एमबीपीएसच्या लाइनवरून परत आणायला साडेचार तास तरी लागतात. दूरची प्रत नदीच्या पलीकडे ठेवून भागत नाही, पूर दोन्ही काठांना येतो; ती दुसऱ्या शहरात हवी. बॅकअपच्या यंत्राने सर्व्हरमधून मजकूर ओढून घ्यावा. सर्व्हरलाच बॅकअपवर लिहिण्या-पुसण्याचा हक्क दिला, तर सर्व्हरमध्ये शिरलेला रॅन्समवेअर (खंडणीसाठी मजकूर अडवणारा प्रोग्राम) दोन्ही साफ करतो. बोर्ग किंवा रेस्टिकसारख्या साधनांनी प्रती कुलूपबंद होतात, पण त्यांचा परवलीचा शब्द फक्त सर्व्हरवरच असेल तर काय उपयोग? तो कागदावर लिहून, लिफाफ्यात घालून खजिनदारांच्या कपाटात ठेवावा.

खात्यांतल्या मेलखेरीज वापरकर्त्यांची यादी, टोपण पत्ते, पोस्टफिक्स-डव्हकॉटची मांडणी, डीकेआयएमची (जाणाऱ्या मेलवर डोमेनची सही करणाऱ्या व्यवस्थेची) खासगी किल्ली आणि डीएनएसच्या (डोमेनचा पत्ता जगाला सांगणाऱ्या) नोंदी यांचाही बॅकअप लागतो. विसरले जाते ते नेमके हेच.

परत उभारणीची तालीम वर्षातून एकदा, शक्यतो मृगाच्या आधी, वेगळ्या यंत्रावर करावी. उभारणीत सगळ्यात महागात पडते ती घाई. वापरकर्त्यांची यादी भरण्याआधी पोर्ट २५ (बाहेरचे मेल आत येण्याचे दार) उघडले, तर पाच दिवस थांबायला तयार असलेल्या प्रत्येक मेलला ‘असा खातेदार नाही’ असे ५५० चे उत्तर जाते आणि तो कायमचा परत फिरतो. म्हणून आधी यादी, मग जुने मेल, शेवटी पोर्ट. तोवर पोस्टफिक्समध्ये ‘सॉफ्ट बाउन्स’ चालू ठेवल्यास कायमचा नकार तात्पुरता होतो. सगळे तपासून झाले की ते आठवणीने बंद करावे. नाहीतर चुकीच्या पत्त्यावर लिहिणाऱ्याला आपली चूक पाच दिवस कळत नाही.