कोकणच्या समुद्राची तब्येत नेमकी बघतं कोण? थोडी पार्श्वभूमी

पावसाच्या तोंडाला कोकण-गोव्याच्या कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर काळे चिकट गोळे येऊन पडतात. वरून वाळू लागलेली असते त्यामुळे लांबून दगडच वाटतात, पाय पडला की कळतं. साबणानं जात नाहीत, खोबरेल नाहीतर रॉकेल लावून घासायला लागतं, आणि चपलेचा नाद सोडायचा. मग पेपरात फोटो, दोन दिवस चर्चा, आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न की अरे हा समुद्र तपासतं कोण?

तपासतं कोणीच नाही असं नाहीये. उलट तपासणारे बरेच आहेत. पाणी एका खात्याकडे, मासे दुसऱ्याकडे, तेल तिसऱ्याकडे, किनाऱ्यावरचं बांधकाम चौथ्याकडे, कांदळवन पाचव्याकडे. हे असं का झालं ते कळायला थोडं मागे जावं लागतं, कारण यातलं प्रत्येक खातं कुठल्यातरी वेगळ्या काळात, वेगळ्या कारणानं समुद्राकडे वळलंय आणि सगळा समुद्र एकत्र बघायचं काम सुरुवातीला कुणालाच दिलेलं नव्हतं.

समुद्र मोजायला सुरुवात झाली ती जहाजांसाठी. मुंबईत अपोलो बंदरला भरती-ओहोटीची नोंद १८७८ पासून आहे, बंदरात पाणी किती हे कळायला हवं म्हणून ठेवलेली, आज तीच नोंद समुद्राची पातळी किती वाढली ते सांगायला उपयोगी पडतेय. मग मासे आले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ ची, रत्नागिरीचं मत्स्य संशोधन केंद्र १९५८ चं. त्या काळात देशाला प्रोटीन हवं होतं त्यामुळे प्रश्न एकच, मासे जास्त कसे मिळतील. ट्रॉलरला प्रोत्साहन, इंजिनाला कर्ज वगैरे सगळं त्यातनंच आलं. साठच्या दशकात हिंदी महासागराची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली, तोपर्यंत हा महासागर जगात सगळ्यात कमी अभ्यासलेल्यांपैकी होता, आणि तिच्या पाठोपाठ १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था म्हणजे एनआयओ उभी राहिली, गोव्यात दोना पावलाला आहे ती. त्यांची 'गवेषणी' ही संशोधनाची बोट १९७६ ची. म्हणजे आपल्या दारातल्या समुद्राचा रसायनशास्त्राच्या अंगानं नीट अभ्यास व्हायला लागून जेमतेम साठ वर्षं झालीत.

'प्रादेशिक समुद्र' ही कल्पना पण त्याच सुमाराची. १९७२ ला स्टॉकहोमला पर्यावरण परिषद झाली, तिथून संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम निघाला आणि १९७४ ला त्यांनी रीजनल सीज हा प्रोग्राम सुरू केला. विचार साधा होता, अख्खा महासागर सांभाळायचा म्हटलं तर कुणाचाच राहत नाही आणि एकेका देशानं आपापला किनारा सांभाळायचा म्हटलं तर शेजाऱ्याची घाण येतेच, मग एका समुद्राला लागून असलेल्या देशांनी मिळून तपासावं, मिळून नियम करावेत. भूमध्य समुद्राचा आराखडा १९७५ ला आणि बार्सिलोना करार १९७६ ला झाला, तेही एकमेकांशी पटत नसलेले देश एकत्र बसवून. बाल्टिकवाल्यांनी १९७४ लाच हेलसिंकीत सही केली होती. त्या बाल्टिकचं आणि ईशान्य अटलांटिकचं आज दर काही वर्षांनी आपापलं एकत्रित प्रगतिपुस्तक निघतं, पोषकद्रव्यं किती, जड धातू किती, मासे किती उरलेत, समुद्रतळाचं काय झालं, सगळं एका जागी.

आपल्याकडे दक्षिण आशियाई समुद्रांचा कृती आराखडा व्हायला मार्च १९९५ उजाडलं. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव असे पाच देश, सही नवी दिल्लीत, ऑफिस कोलंबोला. आराखडा झाला पण बार्सिलोनासारखा बांधून घेणारा करार काही झाला नाही. त्यात एक मोठी गंमत आहे जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. रीजनल सीजच्या नकाशात अरबी समुद्र हा एक समुद्रच नाही. भारत-पाकिस्तानची बाजू दक्षिण आशियात, ओमान-इराणची बाजू १९७८ च्या कुवेत करारात आखाती देशांबरोबर, एडनच्या आखाताकडचं १९८२ च्या जेद्दा करारात लाल समुद्राबरोबर. म्हणजे कोकणातल्या हर्णैच्या समोरचं पाणी आणि ओमानच्या मस्कतच्या समोरचं पाणी दोन वेगळ्या फायलीत. भूमध्यला जे साधलं त्याची सुरुवातच आपल्याकडे अशी तुकड्यांनी झाली, आता राजकारण बघता दुसरं काही झालं असतं का हा वेगळा विषय, सोडा.

देशात काय झालं ते बघू. पाणी प्रदूषणाचा कायदा १९७४ चा, त्यातनं प्रदूषण नियंत्रण मंडळं कामाला लागली, पण त्यांचं डोकं मुळात नदी आणि नाला असं चालणारं. १९८१ च्या नोव्हेंबरात इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की भरतीरेषेपासून ५०० मीटर किनारा मोकळा ठेवा. दहा वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९९१ ला, त्याचंच सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचा नियम, झालं. कोकणात सीआरझेड म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते, घराची परवानगी अडकली. खरंय ते, भाऊबंदकीतल्या वडिलोपार्जित घराची पडवी वाढवायची तरी कागद फिरतात. पण तो नियम मुळात जमिनीचा आहे. पाण्यात काय चाललंय ते तो फारसं विचारत नाही. नंतर २०११ ला नवीन अधिसूचना आली, तिच्यात मालवण आणि आचरा-रत्नागिरी हे पट्टे देशातल्या अतिसंवेदनशील किनारी भागांच्या यादीत होते, आणि २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांसाठी २०० मीटरची बांधकामबंदी ५० मीटरवर आली. चर्चा सगळी मीटरची.

पाण्याच्या दर्जाचे नियमही आहेत बरं का, फक्त बहुतेकांना माहीत नसतात. समुद्राच्या पाण्याचे वापराप्रमाणे पाच वर्ग केलेत, एसडब्ल्यू-१ ते एसडब्ल्यू-५. पहिला मिठागरं, शिंपले-कालवं आणि नाजूक जागांसाठी, दुसरा पोहायला आणि मासेमारीला, पुढे कारखान्यांना थंड करायचं पाणी, मग बंदर, आणि शेवटचा नुसत्या जहाज वाहतुकीचा आणि नियंत्रित सांडपाण्याचा. दुसऱ्या वर्गात लिटरमागे ४ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन हवा आणि मैल्याचे जंतू १०० मिलिलिटरमागे १०० च्या आत. आता मेख इथे आहे की पाणी खराब तर खालचा वर्ग लावला की ते 'मानकात बसतं'. खाडीच्या तोंडाशी जेटी आहे म्हणून तिला बंदर म्हणायचं की आत माणसं कालवं काढतात म्हणून पहिल्या वर्गात टाकायचं, हा निर्णय रसायनशास्त्राचा नाहीच.

दाभोळ खाडीचं उदाहरण सगळ्यांना माहितीय. वाशिष्ठी चिपळूणवरून येते, वर लोटे-परशुरामची केमिकल एमआयडीसी, खाली खाडीवर जगणारी गावं. मेलेले मासे, खाज, मासेमारांची आंदोलनं हे वर्षानुवर्षं चालू. माधव गाडगीळांच्या पश्चिम घाट समितीनं २०११ च्या अहवालात लोट्याबद्दल सविस्तर लिहिलं. खाडीवरच्या लोकांची कायमची तक्रार काय तर सॅम्पल उशिरा घेतात. पहाटे सुकतीला मासे तरंगले, फोन केले, माणूस येईस्तोवर दुपार, तोवर भरती चढून गेली, बाटलीत आलं ते समुद्राचं ताजं पाणी. रिपोर्ट नॉर्मल. यात दरवेळी लबाडीच असते असंही नाही, खाडीचं पाणी दिवसात दोनदा बदलतं आणि तपासायची पद्धत मात्र नदीसाठी आखलेली.

समुद्रातलं प्रदूषण नियमित मोजायचं केंद्राचं काम १९९०-९१ पासून चालू आहे, तेव्हा त्याला कोमॅप्स म्हणायचे, आता ते चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राकडे आहे. किनाऱ्यापासून आत ठराविक अंतरांवर जायचं, पाणी आणि गाळ घ्यायचा. चांगलं काम आहे, पण मोजक्याच जागा, आणि मधल्या शेकडो खाड्यांचं काय हा प्रश्न उरतोच.

तेलाचं खातं वेगळंच. ते कोस्ट गार्डकडे. मे १९९३ मध्ये बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावरून उरणला येणारी पाइपलाइन फुटली, त्याच वर्षी तेलगळतीचा राष्ट्रीय आपत्कालीन आराखडा मंजूर झाला आणि १९९६ ला लागू झाला. त्याची खरी परीक्षा ७ ऑगस्ट २०१० ला, मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली तेव्हा. सुमारे ८०० टन तेल, वर शेकडो कंटेनर पाण्यात, काहींत कीटकनाशकं. उरण-अलिबागकडची कांदळवनं काळी झाली, मुंबईत लोकांनी काही दिवस म्हावरं घेणं सोडलं. पण अपघात दिसतो तरी. सुरुवातीला म्हटलेले ते गोळे गुपचूप येतात. टँकर टाकी धुतात, तेलविहिरींवरून थोडं गळतं, हलका भाग उडून जातो, उरलेला गोळा होतो आणि नैऋत्येचा वारा सुटला की किनाऱ्याला. एनआयओनं गोव्यातल्या गोळ्यांचे रासायनिक ठसे तपासले तेव्हा काही टँकरच्या धुण्याशी जुळले, काही बॉम्बे हायच्या तेलाशी. गुन्हेगाराचा पत्ता साधारण कळतो, पण दंड कुणाला करायचा?

माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे ऑक्सिजन. अरबी समुद्रात साधारण १५० मीटरपासून हजार मीटरपर्यंत एक जाड थर आहे ज्यात ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. हे मुळात नैसर्गिक आहे, कुणी केलेलं नाही. पावसाळ्यात हे खोलातलं पाणी आपल्या किनाऱ्याच्या उथळ भागावर चढतं, आणि वरून पावसाचं गोडं पाणी झाकणासारखं बसतं, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन खाली मिसळत नाही. खाली कुजणं चालू, ऑक्सिजन संपत जातो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला काही ठिकाणी तळाला सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. २००० साली एनआयओचे शास्त्रज्ञ एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या विज्ञानाच्या मासिकात मांडलं की पश्चिम किनाऱ्यावरचा हा प्रकार वाढत चाललाय आणि शेतातनं वाहून येणारं खत हे त्याचं एक कारण असू शकतं. गोव्याला कांदोळीसमोर १९९७ पासून ठराविक जागी जाऊन हे मोजणं चालू आहे. आता बघा, नारळी पौर्णिमेला नारळ सोडून होड्या बाहेर पडतात आणि नेमकं त्याच्या पुढचे दोन महिने तळाशी श्वास घ्यायची मारामार. तळाचा मासा सरकतो, वर येतो, किनाऱ्याला लागतो. जाळ्यात कधी ढीग कधी काहीच नाही याचं एक कारण हेही असू शकतं, पण मत्स्य खात्याचा आकडा आणि ऑक्सिजनचा आकडा शेजारी शेजारी मांडलेले बंदरावर तरी कुणी बघितले नसतील.

माशांचे नियम तसे बरेच झाले. राज्याचा सागरी मासेमारी कायदा १९८१ चा, तो आला तेव्हा रापणवाले (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) आणि ट्रॉलरवाले यांच्यात भांडणं पेटलेली. मग पर्ससीन, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरणारी मोठी जाळी, आली, भांडणाची पार्टी बदलली. सोमवंशी समितीच्या अहवालावरून ५ फेब्रुवारी २०१६ ला पर्ससीनवर निर्बंध आले, नोव्हेंबर २०१७ ला केंद्रानं एलईडी दिवे लावून मासेमारी करायला बंदी घातली, १ जून ते ३१ जुलै बंदी आहेच, २०२३ ला पापलेट राज्य मासा झाला आणि बारकं पापलेट पकडू नका असं सांगणं चालू झालं. तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की आत लखलखाट दिसतोच. १२ सागरी मैलांपर्यंत राज्य, पुढे केंद्र, आणि गस्तीच्या बोटी किती ते मालवण-देवगडच्या कुठल्याही तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, विचारा.

राहिलं संरक्षण. मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ ला जाहीर झालं, जवळपास २९ चौरस किलोमीटर, गाभा सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा. प्रवाळ आहे, समृद्ध जागा आहे, सगळं खरं. पण गाबीत समाजाच्या रोजच्या मासेमारीच्या पाण्यावर कागद आला आणि लोकांना वाटलं आपल्याला काढून टाकणार, तो विरोध वर्षानुवर्षं गेला नाही. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं सिंधुदुर्गात प्रकल्प झाला तेव्हा पद्धत बदलली, चौकोनी आसाची (बारके मासे निसटून जातील अशी) जाळी, खेकडापालन, वेंगुर्ल्याला महिला बचत गटाची कांदळवन सफारी, म्हणजे आधी पोटाचं बघून मग निसर्गाचं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला तर हे त्याच्याही आधी जमलं होतं, २००२ पासून कासवांची अंडी राखायचं काम सह्याद्री निसर्ग मित्रनं गावाला धरून केलं आणि आज लोक पिल्लं बघायला घरगुती मुक्काम करतात.

आणि अंग्रिया. विजयदुर्गपासून शंभर-एक किलोमीटर आत समुद्रात बुडालेलं मोठं पठार, वर प्रवाळ, नाव कान्होजी आंग्र्यांवरून. २०१९ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांची मोहीम तिथे जाऊन आली. पण ही जागा १२ मैलांच्या कितीतरी बाहेर, त्यामुळे राज्याला तिथे अभयारण्य करताच येत नाही, म्हणून १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली 'निर्देशित क्षेत्र' करायची वाट शोधली, २०२० ला राज्यानं त्याला होकार दिला, अधिकार मात्र केंद्राचा. मालवणला निदान विरोध करायला गाव होतं. अंग्रियावर गावच नाही, पण तिकडे जाळी टाकायला जाणाऱ्या बोटी याच किनाऱ्यावरच्या बंदरांतनं सुटतात, तेव्हा नकाशावर रेघ ओढायच्या आधी बैठक लावायची तर ती बंदरावर लावावी, आणि शक्यतो मासेमारी बंद असते त्या जून-जुलैत, नाहीतर यायला माणसं मिळायची नाहीत.