कॅम्पचा पहिला अर्धा तास: बुकिंग करायच्या आधी एवढं वाचाच

आम्ही कॅम्पमध्ये ओळखीचे खेळ घेतो, आणि आम्हाला फोन येतो तो साधारण असा असतो, "आमची पन्नास पोरं आहेत, एनएसएसचा सात दिवसांचा कॅम्प आहे, कोणी कोणाशी बोलत नाहीये, पहिल्या दिवशी काहीतरी धमाल घ्या." घेतो की! पण धमाल म्हणजे नेमकं काय आणि कुठल्या क्रमानं घेतो, हे आधीच कळलेलं बरं, म्हणून हे पत्रक.

एक तर गोल करून बसायचं आणि एकेकानं उठून नाव, कॉलेज, छंद सांगायचा, हा प्रकार आम्ही घेतच नाही. कोणी ऐकत नसतं हो. जो तो मनातल्या मनात आपलंच वाक्य घोकत असतो आणि आपला नंबर कधी येतोय ते मोजत असतो. १९७३ मध्ये माल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केला होता, त्यातही हेच दिसलं की आपली पाळी यायच्या जरा आधी बाकीचे जे बोलले ते लोकांना नीट आठवत नाही. म्हणजे ओळख परेडमध्ये पाऊण तास गेला आणि शेजारच्याचं नाव विचारलं तर पत्ता नाही.

म्हणून आधी पाय हलवायचे, मग दोघातिघांत बोलायचं आणि सगळ्यांसमोर तोंड उघडायचं ते एकदम शेवटी. सुरुवातीला आम्ही बहुतेक वेळा मुंबई लोकलचा नकाशा घेतो. फरशीवर खडूनं रेघा ओढायच्या, चर्चगेट ते विरार एक, सीएसएमटीवरून कल्याण आणि तिथून कसारा-कर्जतचे दोन फाटे, तिसरी हार्बरची पनवेलपर्यंत, दादरला वेस्टर्न-सेंट्रल जोडायची, कुर्ल्याला सेंट्रल-हार्बर. नावं फक्त मोठ्या स्टेशनांची लिहायची. आता प्रत्येकानं आपल्या स्टेशनवर जाऊन उभं राहायचं, आणि तुमचं स्टेशन लिहिलेलंच नसेल तर विचारत विचारत जागा शोधायची. मग सुरू होतं, "तू नाहूर ना, मग भांडुपच्या पुढे सरक, मुलुंड मी आहे." डोंबिवलीला इथेही गर्दीच असते, आणि दोन वर्षं एकाच कॉलेजला जाणाऱ्या दोन पोरींना तिथे कळतं की आपण दोघी सकाळी एकच ट्रेन पकडतो. हॉस्टेलवाल्यांनी हॉस्टेलजवळचं स्टेशन धरायचं, बसनं येणाऱ्यांनी जवळचं कुठलंही. एक मात्र आम्ही पाळतो, विचारायचं ते फक्त स्टेशन. चाळ की टॉवर, वडील काय करतात, आडनाव काय, असले प्रश्न आले की आम्ही तिथेच विषय बदलतो, आणि सोबतच्या सरांनी-मॅडमनी पण विचारू नयेत ही विनंती.

मग 'शिवाजी म्हणतो'. हा सगळ्यांना येतो, त्यामुळे नियम सांगण्यात वेळ जात नाही. फक्त आमच्याकडे कोणी आऊट होत नाही. आऊट झालेला पोरगा भिंतीला टेकून मोबाईल काढतो आणि बहुतेक वेळा तोच सगळ्यात लाजाळू असतो, म्हणजे ज्याच्यासाठी खेळ घेतला तोच बाहेर! म्हणून दोन गोल करायचे, चुकलं की या गोलातून त्या गोलात जायचं, खेळ चालूच.

'दोन खरं, एक खोटं' (स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या, त्यातली खोटी कुठली ते बाकीच्यांनी ओळखायचं) हा खेळ पोरांचा लाडका, पण तो वीस-पंचवीस मिनिटांनी, चार-चारच्या गटात. सुरुवातीलाच घेतला तर सगळे "मला पिझ्झा आवडतो"वर अडकतात. हात गुंफून गाठ सोडवायचा खेळ बरेच जण खास मागतात, पण अनोळखी मुलामुलींना पहिल्याच दिवशी हात धरायला लावणं आम्हाला पटत नाही, तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आठ-दहा जणांत आणि ज्याला यायचंय त्यानंच. मनगट पिरगळायला लागलं की हात सोडून परत धरायचा. आणि काही गाठी खरंच सुटत नाहीत किंवा सुटून दोन गोल होतात, हे पोरांना आधीच सांगतो, नाहीतर उगाच हिरमोड.

ढोल-ताशा पथकं आणि गोविंदा पथकांची गोष्ट वेगळी. तिथे सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे अनोळखीपणाचा बर्फबिर्फ काही फोडायचा नसतो, फक्त ऑफिस-कॉलेजातून दमून आलेलं अंग आणि डोकं प्रॅक्टिसला लावायचं असतं. त्यांच्यासाठी दहा-बारा मिनिटांचं वॉर्मअप, जागेवर हलकं धावणं, घोटे, गुडघे, खांदे, मनगटं फिरवणं आणि मग टाळ्यांचा एखादा ताल गोलात फिरवायचा. थर लावायला आम्ही शिकवत नाही, ते तुमच्या प्रशिक्षकांचं काम.

जागेचं म्हणाल तर शाळेचा हॉल बेस्ट. मैदान चालेल, पण ऑक्टोबरच्या उन्हात सकाळी दहानंतर नको आणि पावसाळ्यात छप्पर हवंच, ओल्या फरशीवर आम्ही एकही पळापळीचा खेळ घेत नाही, कितीही आग्रह केलात तरी. स्पीकर असला तर बरं, नसला तर शिट्टी आहे. पन्नासच्या वर पोरं असतील तर आमची दोन माणसं येतील आणि त्याप्रमाणे बिल वाढेल.

बुकिंग करताना एवढं कळवा: पोरं किती, वय काय, एकमेकांना किती ओळखतात, कोणाला चालायला, ऐकायला किंवा दिसायला त्रास आहे का, कोणाला दमा वगैरे आहे का, आणि आमच्यानंतर लगेच काय ठेवलंय. लगेच पाहुण्यांचं भाषण असेल तर शेवटचा खेळ बसून घेतो, नाहीतर पोरं पुढचा अर्धा तास शांत बसत नाहीत आणि बोलणी आम्ही खातो.