मुंबईचे बार दारूबंदीने घडवले

मुंबईत बसायला चांगल्या जागा कुठल्या, असं विचारलं की नावं भराभर येतात. कुलाब्यातलं लिओपोल्ड आणि मोंडेगार, ताजच्या मागचं गोकुळ, वांद्र्याला पाली नाक्यावरचं जनता, लोअर परळचे पब. नावं बरोबरच असतात. पण यातली एक जागा रस्त्याकडे सताड उघडी आणि दुसरीला काळी काच, आत पार्टिशन, वर एसी माळा, असं का, हे कोणी सांगत नाही. त्याचं उत्तर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात आहे. तो कायदा आजही लागू आहे. नाव तेवढं 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' झालं. या शहरातला प्रत्येक बार म्हणजे त्या बंदीतून दिलेली सवलत आहे, आणि हे लक्षात घेतल्याशिवाय मुंबईच्या बारांचा इतिहास कळत नाही.

बंदीच्या आधी मुंबई कोरडी कधीच नव्हती. माहीम-दादरच्या वाड्यांत भंडारी ताडी-माडी काढायला झाडांवर चढत होते, मोहाची दारू घरोघरी गाळली जात होती. ब्रिटिश सरकारने १८७८ च्या अबकारी कायद्याने हे सगळं करात बांधलं. ताडीला झाडागणिक कर आला, गाळण्याचं काम मोजक्या परवानाधारक भट्ट्यांकडे गेलं, आणि उरणच्या भट्ट्या त्यात मोठ्या झाल्या. १८९२ मध्ये तर मोहाची फुलं जवळ बाळगण्यावरच निर्बंध आले. म्हणजे दारू कुठे आणि कशी प्यायची हे सरकारने ठरवायचं, ही सवय काँग्रेसच्या राज्यात लागलेली नाही, त्याच्या बरीच आधीची आहे.

साहेबलोक क्लबात आणि हॉटेलांत पीत. ताज १९०३ मध्ये उघडलं आणि त्याचा हार्बर बार १९३३ मध्ये. शहरातला पहिला परवानाधारक बार आमचाच, असं ताजवाले सांगतात. बाकीच्यांसाठी कोपऱ्याकोपऱ्यावरची इराणी हॉटेलं होती. लिओपोल्ड १८७१ चं, आणि सुरुवातीला तिथे तेलाचा घाऊक धंदा चाले. मोंडेगार १९३२ चं. संगमरवरी टेबल, लाकडी खुर्च्या, दोन्ही बाजूंनी उघडं दार, आणि त्याच टेबलावर चहा किंवा बीअर. मोकळेपणाने बसायची ही रीत जिथे टिकली, त्या जागा आज पर्यटकांच्या आवडत्या आहेत. मोंडेगारच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं नंतर आली, पण चित्रातली ती गर्दी त्या हॉटेलाची मूळचीच आहे.

मग दारूबंदी आली, तीही दोनदा.

पहिल्यांदा १ ऑगस्ट १९३९ ला. बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं आणि अबकारी खातं डॉ. एम. डी. डी. गिल्डर यांच्याकडे. गिल्डर स्वतः पारशी, नावाजलेले हृदयरोगतज्ज्ञ. त्यांच्याच समाजातल्या पुष्कळांची पोटं दारूच्या धंद्यावर होती, आणि बुडालेला महसूल भरून काढायला शहरातल्या मालमत्तांवर दहा टक्के कर लावला गेला. पारशी समाजाचा रोष त्यांनी अंगावर घेतला, पण माघार घेतली नाही. बंदी पटो वा न पटो, माणसाचा प्रामाणिकपणा मान्य करावा लागतो. महायुद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि पाठोपाठ बंदीही ढिली पडली.

दुसरी खेप पक्की होती. स्वातंत्र्यानंतर खेर पुन्हा मुख्यमंत्री, मोरारजी देसाई गृहमंत्री. १९४९ चा कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी. फ्राम नसरवानजी बलसारा नावाचे गृहस्थ कोर्टात गेले. व्हिस्की, ब्रँडी, बीअरच्या जोडीला ओ-द-कोलोन आणि लव्हेंडर वॉटर बाळगण्याचाही हक्क त्यांनी मागितला होता, कारण कायद्याच्या व्याख्येत अल्कोहोल असलेलं सगळंच दारू ठरत होतं. मे १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं मोकळी केली. बाकी कायदा जवळजवळ जसाच्या तसा उभा राहिला. सरकारने दारूबंदीसाठी प्रयत्न करावा असं सांगणाऱ्या घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाचं पाठबळ त्याला होतंच.

कायद्याने एक फट मात्र ठेवली होती आणि तिचं नाव परमिट. परदेशी पाहुण्याला परमिट मिळे. डॉक्टरने प्रकृतीसाठी दारू गरजेची आहे असं लिहून दिलं तर इथल्या माणसालाही मिळे, ठरलेल्या मापात. मोठ्या हॉटेलांत अशा परमिटवाल्यांसाठी वेगळी खोली असे, बाकीच्या गिऱ्हाइकांच्या नजरेआड. परमिट रूम ती हीच. ज्याला डॉक्टर गाठता येई आणि मोठ्या हॉटेलाची पायरी चढता येई, त्याची सोय झाली. गिरणी कामगाराची, गोदी कामगाराची झाली नाही.

त्यांच्यासाठी आंटी होती. माझ्या लेखी मुंबईच्या पिण्याच्या इतिहासातलं हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित पान आहे. गोवेकर आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती बायका आपल्या राहत्या खोलीत अड्डा चालवत. बाहेर पाटी नाही, फक्त ओळखीने प्रवेश. आत एक बाक, दोन-चार काचेचे ग्लास, बशीत उकडलेले चणे नाहीतर उकडलेलं अंडं, आणि पडद्यामागे पोरं अभ्यास करतायत. दारू हातभट्टीची, गूळ आणि नवसागराची, कधी संत्र्या-मोसंबीचा स्वाद देऊन. पोलिसाचा हप्ता ठरलेला. शहराच्या मध्यावर गाळायला जागा नव्हती, म्हणून भट्ट्या धारावीच्या खाडीकडे, चेंबूर-ट्रॉम्बेकडे सरकल्या. माल सायकलच्या ट्यूबमधून शहरात येई. वरदराजन मुदलियारसारखी माणसं याच धंद्यावर मोठी झाली. मुंबईच्या संघटित गुन्हेगारीला भांडवल पुरवण्यात दारूबंदीचा मोठा वाटा आहे आणि त्याची किंमत हे शहर पुढे कितीतरी वर्षं मोजत राहिलं. विषारी दारूची तर आजही मोजतं. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून जास्त माणसं गेली.

वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत, म्हणजे १९६३ नंतर, पकड हळूहळू सैल केली गेली. आधी सौम्य बीअर आणि ताडीला मोकळीक, मग परमिटच्या अटी ढिल्या, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला परमिट ही केवळ कागदाची औपचारिकता उरली. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले आणि हातभट्टीसमोर सरकारमान्य, सीलबंद बाटली उभी राहिली. आंटीचा धंदा त्याने बसत गेला. कायदा रद्द करण्याचं धाडस कोणी केलं नाही, म्हणून सगळं परमिटच्या चौकटीतच वाढलं. १९६० मध्ये वेगळ्या झालेल्या गुजरातला हाच कायदा वारशात मिळाला. तिथे तो बंदी म्हणून राबतो, इथे परवाने देण्यासाठी.

आज आपण ज्याला 'परमिट रूम अँड बार' म्हणतो तो या सत्तरच्या दशकातला. उडुपी-मंगळूरकडच्या शेट्टी मंडळींनी खाण्याची हॉटेलं आधीच उभी केली होती, त्यालाच एफएल-३ परवान्याची, म्हणजे जागेवर विदेशी दारू विकण्याच्या परवान्याची जोड मिळाली. लाज आणि कायदा दोघांनी मिळून त्याचं रूप ठरवलं. रस्त्यावरून आतलं दिसू नये म्हणून काळी काच, कुटुंबासह आलेल्यांसाठी वेगळा भाग, माळ्यावर एसी आणि तिथले दर वेगळे. मंद उजेड. क्वार्टर मागवली की वेटर सीलबंद बाटली टेबलावर आणून समोर फोडतो, ग्लासात अंदाजाने नाही तर खुणेपर्यंत ओततो, सोडा विचारतो आणि न मागता चकणा ठेवतो: खारे शेंगदाणे, चणे, काकडीच्या फोडी. पुढे मसाला पापड किंवा सुरमई. डोळ्यांसमोर सील फोडायची ही रीत मला हातभट्टीच्या काळातल्या अविश्वासातून आलेली वाटते. विषाची भीती ज्या शहराने पाहिली, तिथे गिऱ्हाईक बाटलीचं बूच बघूनच घेणार.

चांगली परमिट रूम ओळखायची खूणही यातच आहे. वेटर जुने आहेत का, एकटा आलेला माणूस तासभर एका क्वार्टरवर निवांत बसू शकतो का, आणि किचन मनापासून चालतंय का. गोकुळ आणि जनता यांचं नाव झालं ते यामुळे. कॉलेजची पोरं, कारकून, टॅक्सीवाले आणि जाहिरात कंपनीतली माणसं शेजारशेजारच्या टेबलांवर बसतात, अशा जागा या शहरात फार नाहीत.

डान्स बारचा फाटा वेगळा. २००५ मध्ये आर. आर. पाटील गृहमंत्री असताना बंदी आली, उच्च न्यायालयाने ती २००६ मध्ये रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तेच कायम केलं, पुन्हा कायदे झाले आणि २०१९ मध्ये त्यातल्या बऱ्याच अटी निघाल्या. तोवर हजारो बायकांची रोजीरोटी गेली होती.

पबची गोष्ट गिरण्यांच्या जमिनीवर घडली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने अडीच लाखांच्या आसपास कामगारांचं आयुष्य उलटंपालटं केलं. गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या आवारात नंतर ऑफिसं, मॉल आणि पब आले. पुण्यात २००९ मध्ये डूलालीने स्वतःची बीअर बनवून विकायला सुरुवात केली आणि २०१३ मध्ये लोअर परळला बार्किंग डिअरमध्ये मुंबईची ताजी बीअर मिळू लागली. बीअरच्या चवीसाठी जायचं तर अशाच जागी जावं, हे मी आनंदाने सांगेन. पण याच भागातल्या कमला मिल्सच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या पबमध्ये आग लागून १४ जण मेले. तेव्हापासून कुठेही गच्चीवर बसायचं झालं तर बाहेर पडायचा दुसरा जिना आधी बघावा, ही गोष्ट मी सगळ्यांना सांगतो.

नियमांचं जुनं जाळं अजून तसंच आहे. विदेशी दारूसाठी वयाची अट २५, बीअरला २१. पिणाऱ्याला लागणारा एक दिवसाचा परवाना विदेशीला पाच रुपयांचा, देशीला दोनचा, वर्षाचा शंभराचा आणि आयुष्यभराचा हजाराचा. त्या कागदावर आजही दारू प्रकृतीच्या जपणुकीसाठी दिल्याचं लिहिलेलं असतं. जानेवारी २०२० मध्ये मुंबई चोवीस तास उघडी ठेवायचं धोरण आलं, तेव्हाही बारची रात्री दीडची वेळ हलली नाही.

सध्याचं संकट कराचं आहे. परमिट रूमवरचा व्हॅट २०२३ मध्ये पाचावरून दहा टक्के झाला, परवाना शुल्क वाढलं आणि २०२५ मध्ये विदेशी दारूवरचं उत्पादन शुल्क मोठ्या प्रमाणात चढलं. 'आहार' या हॉटेलमालकांच्या संघटनेने त्याविरुद्ध १४ जुलै २०२५ ला राज्यभर बार बंद ठेवले. पेगमागे जास्त पैसे घेणारा पब हे पचवू शकतो. शेट्टींच्या परमिट रूमचं गिऱ्हाईक मात्र दर वाढला की वाइन शॉपमधून क्वार्टर घेऊन घरी किंवा आडोशाला जातं, आणि सरकारच्या तिजोरीत पैसे तिथूनही येतच असल्याने परमिट रूमची बाजू घ्यायला मंत्रालयात फारशी घाई कोणाला नाही.